स्कालात असिंक सर्व्हिस: फ्यूचर की आयओ?

स्काला भाषेतल्या फ्यूचर आणि आयओ या दोन्हींवर असिंक (उत्तराची वाट बघत थ्रेड अडवून न ठेवणाऱ्या) सर्व्हिसेस लिहून चालवल्यात, त्यामुळे निवडीआधी काय पाहावं ते सांगतो. मॅप-फ्लॅटमॅप येतं असं धरलंय.

फ्यूचर, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची जागा, 2013 च्या स्काला 2.10 पासून भाषेसोबतच येतो. प्ले (वेब फ्रेमवर्क) आणि अक्का (समांतर कामांसाठीची लायब्ररी) दोन्ही त्याच्याच भाषेत बोलतात. जावातून आलेला माणूसही त्यात लवकर रुळतो. काम कोणत्या थ्रेडवर चालायचं ते ठरवणारा एक्झिक्युशन कॉन्टेक्स्ट सगळीकडे ओढत न्यावा लागतो, पण त्याची सवय होते.

मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची: फ्यूचर बनला की काम लगेच सुरू होतं. फॉरच्या आत कॉल एकाखाली एक लिहिले तर ते क्रमाने जातात. तेच कॉल कुणी वाचायला सोपं जावं म्हणून फॉरच्या वर व्हॅलमध्ये (नाव दिलेल्या व्हॅल्यूत) काढले, की सगळे एकदम सुटतात. टाइप तेच, कंपायलर गप्प, मॉक लावलेल्या टेस्टही हिरव्या. आधी स्टॉक राखायचा आणि मगच पैसे कापायचे, असा क्रम जिथे महत्त्वाचा आहे तिथे हे फार घातक. रिट्रायचंही तसंच. फेल झालेला फ्यूचर पुन्हा चालत नाही. रिट्रायला व्हॅलमध्ये धरलेला फ्यूचर दिलात तर प्रत्येक वेळी तेच जुनं अपयश हातात येतं.

कॅट्स इफेक्ट या लायब्ररीचा आयओ म्हणजे कामाचं नुसतं वर्णन, चालवेपर्यंत काही घडत नाही. व्हॅल कुठेही काढा, क्रम बदलत नाही. समांतर हवं तर पारमॅपएनसारखं (कामं एकाच वेळी चालवणारं) काहीतरी लिहावंच लागतं, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला ते दिसतं. टाइमआउट लावला तर आतलं काम कॅन्सल होतं, फक्त ब्लॉकिंग कॉल संपेपर्यंत थांबावं लागतं. फ्यूचरमध्ये कॅन्सल नाहीच. क्लायंटला एरर गेला तरी मागची क्वेरी चालू राहते.

आयओला किंमत आहे. फायबर (हलके थ्रेड) आणि रिसोर्स (उघडलेली गोष्ट नक्की बंद करणारी सोय) शिकवायला वेळ जातो. साखळीत जोडायचा राहिलेला आयओ कधीच चालत नाही, म्हणून टाकून दिलेल्या व्हॅल्यूंच्या वॉर्निंग चालू ठेवाव्या लागतात. फ्यूचर देणारी लायब्ररी असेल तर फ्यूचरचा आयओ करणाऱ्या फ्रॉमफ्यूचरला तो कॉलच आयओत गुंडाळून द्यायचा. आधीच व्हॅलमध्ये धरलेला फ्यूचर दिला तर पुन्हा तोच त्रास.

प्लेवरची जुनी सर्व्हिस नीट चालत असेल तर ती हलवायला मी सांगणार नाही, आणि टीम अगदी नवखी असेल तर तुमचा हिशेब कदाचित वेगळा निघेल. पण नव्या सर्व्हिसमध्ये क्रम, रिट्राय किंवा टाइमआउट यातलं काहीही महत्त्वाचं असेल, तर मी आयओच घेईन. सुरुवात रिट्रायच्या कोडपासून करा. फरक तिथेच सगळ्यात आधी जाणवतो.