रोब्सपिएर पत्र्यावर: फ्रेंच राज्यक्रांतीचे मेटल प्रिंट घेण्याआधी

फ्रेंच राज्यक्रांतीतले खटले आणि गिलोटिनचे प्रसंग दाखवणारे मेटल प्रिंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावर छापलेली चित्रं, ऑनलाइन भरपूर मिळतात. रंग उठून दिसतात, पत्रा हलका असतो, काच आणि फ्रेमचा खर्च वाचतो. तरीही यांतले बहुतेक घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही चित्रं त्या काळी बातमीसारखी विकली जायची. कोण कुठे उभा आहे, गाडीत कोण बसलंय, खाली काय लिहिलंय, यातच त्यांचा जीव आहे. आणि निष्काळजी छपाईत नेमकं तेच गळतं.

सर्रास दिसणारं चित्र रोब्सपिएरच्या, म्हणजे क्रांतीतल्या दहशतीच्या काळातल्या प्रमुख नेत्याच्या, शिरच्छेदाचं. २८ जुलै १७९४, म्हणजे क्रांतीच्या पंचांगातली १० थर्मिडोर. त्या दिवशी एकूण २२ जणांना मारलं. चित्रात शिर धडावेगळं झालेला माणूस रोब्सपिएर आहे, असं बहुतेक विक्रेते बिनधास्त लिहितात. तो त्याचा सहकारी कुतों आहे. रोब्सपिएर अजून गाडीतच बसलाय: तपकिरी कपडे, डोक्यावर टोपी, तोंडाशी रुमाल. आदल्या रात्री गोळीनं त्याचा जबडा फुटला होता, म्हणून तो रुमाल. त्याचा धाकटा भाऊ ओग्युस्तँ पायऱ्या चढतोय. हे सगळं कळतं ते माणसांजवळ छापलेल्या बारीक आकड्यांमुळे आणि तळाच्या सूचीमुळे. विक्रेता चित्र २:३ च्या साच्यात बसवायला तळाची पट्टी कापतो, आणि सूची गेली की आकड्यांना काही अर्थच उरत नाही. म्हणून ऑर्डर देताना ‘कडा न कापता, तळाच्या मजकुरासह’ असं लिहून द्या आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागा. चारी बाजूंना थोडा कोरा समास राहिला तरी चालेल.

दुसरा दोष स्कॅनचा. ६० × ९० सेंमी पत्र्यासाठी इंचाला २०० पिक्सेल धरले, तर सुमारे ४७०० × ७१०० पिक्सेलची फाइल लागते; १५० धरले तर ३५०० × ५३००. रंगचित्राला १५० वर भागतं. कोरीव छाप्याला, म्हणजे पाटीवर रेघा कोरून कागदावर उठवलेल्या चित्राला, भागत नाही, कारण त्यातली सावली म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. रेघा पुरेशा पिक्सेलमध्ये उतरल्या नाहीत की आकाशात लाटांसारखे खोटे पट्टे उठतात. विक्रेत्यानं छोटी फाइल एआयनं फुगवली असेल तर आणखी वाईट: रेघा वितळून गुळगुळीत होतात, गर्दीतले चेहरे एकसारखे दिसतात, आकड्यांची वेडीवाकडी नक्षी होते. प्रूफमध्ये १०० टक्के झूम करून आकडे आणि खालची फ्रेंच अक्षरं वाचता येतात का, एवढं पाहिलं तरी निम्मा निकाल लागतो. फाइल स्वतः देता आली तर उत्तम. पॅरिसच्या महापालिका संग्रहालयांनी, त्यात शहराच्या इतिहासाचं कार्नाव्हाले संग्रहालयही आलं, जानेवारी २०२० पासून हजारो प्रतिमा मुक्त वापराला खुल्या केल्या आहेत.

सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ चा. हेल्मन या कोरक्यानं शार्ल मोनेच्या (इंप्रेशनिस्ट मोने नव्हे) रेखाटनावरून केलेला छापा यातला सर्वांत भरवशाचा. ओळखायची खूण म्हणजे रिकामा चौथरा. त्यावरचा पंधराव्या लुईचा पुतळा ऑगस्ट १७९२ मध्ये पाडला होता, आणि त्या जागी स्वातंत्र्यदेवीची मूर्ती आली ती या शिरच्छेदानंतर. चौथऱ्यावर मूर्ती असलेलं चित्र ‘लुईचा शिरच्छेद’ म्हणून विकत असतील तर घेऊ नका. लुईला बंद बग्गीतून नेलं होतं; उघड्या गाडीत नेलं ते राणी मारी आंत्वानेतला, त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला.

राणीच्या चित्रातच पत्र्याचा खरा प्रश्न येतो. विल्यम हॅमिल्टनच्या १७९४ च्या चित्रात ती पांढऱ्या कपड्यांत आहे आणि सगळी नजर त्या पांढऱ्यावर खिळते. छपाईची शाई पांढरी नसते. पांढरा दिसतो तो खालचा थर. पांढऱ्या बेसचा पत्रा असेल तर कपडे पांढरे दिसतात. पारदर्शक बेस असेल तर तिथे उघडं ॲल्युमिनियम चमकतं आणि राणी करड्या चंदेरी झग्यात उभी राहते. ‘मेटॅलिक इफेक्ट’ म्हणून विकतात तो हाच. या विषयासाठी पांढरा बेस, मॅट फिनिश, दुसरं काही नको. ग्लॉसवर गडद भागात समोरची ट्यूबलाइट दिसते.

चांगला प्रिंट सब्लिमेशनचा असतो: कागदावर छापलेली शाई सुमारे २०० अंश सेल्सियसला दाबाखाली वायू होऊन पत्र्यावरच्या पॉलिमर थरात शिरते. पत्रा साधारण १.१ मिमी जाडीचा. दाब काढताना कागद सरकला की रेघांना पुसट जुळी रेघ येते. प्रेसच्या कडा थंड राहिल्या की कोपरे फिके पडतात. पार्सल उघडल्यावर आधी चारी कोपरे आणि तळाची अक्षरं तिरक्या उजेडात तपासा. स्वस्तातले ‘मेटल पोस्टर’ पुष्कळदा लोखंडी पत्र्याचे असतात. चुंबक मागून चिकटला तर समजा. कोकणात, मुंबईत कापलेल्या कडेपासून गंज धरतो.

राणीला वधस्तंभाकडे नेत असताना चित्रकार डाव्हिदनं केलेलं तिचं रेखाटन मात्र पत्र्यावर घेऊच नका. मूळ कागद जेमतेम १५ × १० सेंमी, पेनाच्या मोजक्या रेघा. तीन फुटांवर ताणलं की रेघांचे दोरखंड होतात आणि घाईत टिपलेल्या हाताचा वेग जातो. कागदावर, मूळ आकारात, रुंद माउंटमध्येच (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) ते शोभतं.

लावण्याबद्दल. ६० × ९० सेंमीचा पत्रा जेमतेम १.६ किलो भरतो, तरी डबल टेपवर विसंबू नका; पावसाळ्यात ओल आली की टेप डिस्टेंपरच्या पोपड्यासकट सुटतो. ६ मिमीचं भोक, प्लास्टिकची गिट्टी, स्क्रू, आणि पत्र्यामागे सेंटीमीटरभर जागा सोडणारा ठोकळा: हवा खेळते, भिंतीची ओल पाठीला लागत नाही. थेट ऊन पडणारी भिंत टाळा, या शाया उन्हात उडतात. सोफ्याच्या वर सहा फुटांवर टांगलं तर आकडे कुणाला वाचता येणार? चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि पुढे उभं राहायला जागा सोडा. पुसायला मऊ, किंचित ओलं फडकं पुरतं. घासणीनं पॉलिमरवर ओरखडे पडतात आणि ते निघत नाहीत.