‘तारण गमावता येतं का?’ या विषयावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम: पाचपैकी साडेतीन तारे

तारण म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे पापातून मिळणारी सुटका; ती एकदा मिळाल्यावर हातची जाऊ शकते का, हा विषय. अर्धा तारा बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रावरच्या धड्यात कापला आणि अख्खा एक प्रश्नमंजूषेत. बाकी घेण्यासारखं बरंच आहे.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. माझं माहेर मेथडिस्ट, सासर बाप्तिस्त; दोन्ही प्रोटेस्टंट पंथ. माहेरी ‘जागी राहा, मागे घसरू नकोस’ हे ऐकत वाढले. सासरी ‘एकदा तारण झालं की कायमचं’ यावर कुणी शंकासुद्धा काढत नाही. शिवाय मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तरुणांचा शास्त्राभ्यास मी घेते आणि तिथे हा प्रश्न हमखास निघतो. तेव्हा विषयाचं नाव दिसताच नोंदणी केली.

रेकॉर्ड केलेले धडे, सोबत टिपणं, धड्याच्या शेवटी प्रश्नमंजूषा आणि अधूनमधून शिक्षकाबरोबर थेट प्रश्नोत्तरं, असं स्वरूप आहे. आवाज स्वच्छ, व्हिडिओ अडकत नाही, टिपणं फोनवरही नीट उघडतात.

इतिहासाचा धडा अप्रतिम. बहुतेक लोक हा वाद म्हणजे कॅल्विनवाले (तारण जात नाही) विरुद्ध आर्मिनियसवाले (जाऊ शकतं) असा दोन संघांचा सामना समजतात. शिक्षक सुरुवात करतात ती थेट तिसऱ्या शतकापासून. सम्राट डेसियसने 250च्या सुमारास सगळ्यांना देवांपुढे यज्ञ करायला लावला आणि तसा दाखला घ्यायला लावला. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी यज्ञ केला, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक मंडळीच्या दारात येऊन उभे राहिले. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना परत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, खरा पश्चात्ताप असेल, प्रायश्चित्त केलं असेल, तर घ्यायचं. दाखल्याच्या मजकुराचे पपायरस इजिप्तमध्ये सापडले आहेत. अमक्याने अधिकाऱ्यांसमोर यज्ञ केला, सही, तारीख, असा कोरडा सरकारी कागद. हे ऐकल्यावर प्रश्नाला चेहरा येतो.

पुढे लूथरपंथीयांचा 1530चा ऑग्सबर्ग कबुलीनामा येतो आणि इथे माझ्या सासरचे चपापतील. एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्म्याला मुकू शकत नाही, असं म्हणणाऱ्यांचा त्यात बाराव्या कलमात निषेध आहे. म्हणजे लूथरपंथी या बाबतीत कॅल्विनच्या बाजूचे नाहीत. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1547मध्ये सांगितलं की महापापाने कृपा जाते, पण प्रायश्चित्ताच्या संस्काराने ती परत मिळते. आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610मध्ये आपल्या पाचव्या कलमात हा मुद्दा चक्क उघडा ठेवला होता: शास्त्रातून आणखी शोध घ्यायला हवा, असं म्हणून. कॅल्विनवाल्यांच्या डॉर्टच्या धर्मसभेने (1618–19) मात्र दार लावून घेतलं: खऱ्या विश्वासी माणसाचं तारण जात नाही. पण त्याच डॉर्टच्या लेखात दावीद आणि पेत्र यांच्या पतनाची उदाहरणं आहेत, विश्वासी माणूस घोर पापात पडतो आणि काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही हरवून बसतो, अशी स्पष्ट कबुली आहे. ‘तारण पक्कं, आता काहीही करा’ असं म्हणणाऱ्याने हे वाचलेलंच नसतं.

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीला मात्र जेमतेम दोन वाक्यं. त्याने 1751मध्ये याच विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती! माहेरची माणूस म्हणून राग आला, लपवत नाही.

आता इब्री. शिक्षकांचा कल तारण जात नाही याकडे आहे. त्याला माझी हरकत नाही. योहान 10:28 (माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावणार नाही) आणि रोमकरांस 8:38-39 (देवाच्या प्रेमापासून काहीच आपल्याला वेगळं करू शकणार नाही) वाचल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. सहाव्या अध्यायातले ‘पतन पावलेले’ लोक मुळात खरे विश्वासी नव्हतेच, असा त्यांचा अर्थ. बरं, तेही ऐकून घेऊ. पण दहाव्या अध्यायात 29व्या वचनात ज्या कराराच्या रक्ताने माणूस पवित्र झाला, तेच रक्त तुच्छ मानणाऱ्याचा उल्लेख आहे. ते वचन अख्ख्या धड्यात नाही, टिपणांतही नाही. आपल्या मताला अडचणीचं वचन अभ्यासक्रम कसं हाताळतो, यावरच मी त्याला जोखते. आणि गंमत म्हणजे सहावा अध्याय माहेरच्यांनाही सोयीचा नाही. आम्ही घसरलेल्याला पश्चात्तापाकडे परत आणतो; ते पत्र म्हणतं, अशांना परत आणणं अशक्य. हा पेच धड्यात आलाच नाही.

प्रश्नमंजूषेत तर कहर. ‘देमासचं तारण झालं होतं का?’ पर्याय दोनच: होय, नाही. प्रेषित पौलाचा हा सहकारी. फिलेमोनाच्या पत्रात त्याचं नाव लूकच्या शेजारी आहे. शेवटच्या पत्रात पौल लिहितो की जगाच्या ओढीने तो मला सोडून थेस्सलनीकाला गेला. त्याच्याबद्दल शास्त्र यापुढे अवाक्षर बोलत नाही. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय हवा होता. माझं ‘होय’ चूक ठरलं. ‘नाही’ला गुण कसे, ते अजून कळलेलं नाही.

थेट प्रश्नोत्तरांत मात्र हेच शिक्षक वेगळे दिसले. एका आईने विचारलं: मुलाचा बाप्तिस्मा झाला, तो मंडळीत गाणी वाजवायचा, आता देवच मानत नाही, त्याचं काय? मला वाटलं, ‘ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हते’ हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन आता येणार. आलं नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की दोन्ही पंथांत तुम्हाला करायचं ते एकच आहे: प्रार्थना करा, बोलणं तोडू नका, त्याच्या आयुष्याचा निकाल आज लिहू नका, कारण ते अजून संपलेलं नाही. त्या आईने पुन्हा काही विचारलं नाही, फक्त ‘बरं’ म्हणाली. हा भाग धड्यांमध्ये का घेतला नाही, देव जाणे.

एकच पाप वारंवार होतंय म्हणून ‘आपलं तारण गेलं’ या भीतीत कुणी असेल, तर त्याने आधी ही प्रश्नोत्तरांची रेकॉर्डिंग ऐकावी आणि इब्रीचा धडा एकट्याने तर मुळीच बघू नये. मंडळीत शिकवणाऱ्याला इतिहासाचा धडा आयता वापरता येईल. मी वापरणार आहे. इब्री मात्र आम्ही शास्त्र उघडून स्वतःच वाचू, दहाव्या अध्यायासकट.