‘मोफत त्वचा तपासणी’ आणि बिनलेबलच्या डब्या

पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या रस्त्यावर एक टेबल लागतं. मागे फ्लेक्स : ‘तेलकट त्वचा? पिंपल्स? मोफत डिजिटल तपासणी’. स्पर्धा परीक्षेची पोरं चहाला खाली उतरली की पांढरा कोट घातलेल्या दोघीजणी त्यांना गाठतात. माझा धाकटा भाऊ तिथेच सापडला. लातूरहून आलेला, राज्यसेवेची तयारी करणारा, चेहरा तेलकट, कपाळावर-हनुवटीवर पुटकुळ्या. म्हणजे त्या वयाच्या निम्म्या पोरांसारखाच.

टेबलावर नुसता फॉर्म भरून घेतात. तपासणी जवळच्या ‘क्लिनिक’मध्ये, एसी खोलीत. तिथे काय दाखवतात ते नीट सांगते, कारण सगळा खेळ त्या दहा मिनिटांत होतो.

आधी पेनाएवढा कॅमेरा नाकावर टेकवतात. समोरच्या स्क्रीनवर आपलं नाक दिसतं, त्यावर करडे ठिपके. “बघा, किती घाण साचलीय.” ती घाण नसते. प्रत्येक रंध्रात तेल आणि मृत पेशी मिळून एक बारीक धागा तयार होतो. तेलकट नाकावर तो जास्त दिसतो, एवढंच. दाबून काढला तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतो, कारण तेल बाहेर यायची ती नेहमीची वाट आहे. पन्नास पट मोठं करून दाखवलं तर कुणाचंही नाक भयंकरच दिसेल.

मग खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावतात. कपाळ आणि नाकावर नारिंगी ठिपके चमकायला लागतात. “हे इन्फेक्शन. आता थांबवलं नाही तर कायमचे खड्डे.” पोरगं घाबरणारच. हा दिवा त्वचारोगतज्ज्ञही वापरतात, ठिपकेही खरे असतात. अर्थ तेवढा बनावट. त्वचेच्या तेलावर जगणारे काही जिवाणू आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात. ते पॉर्फिरिन नावाचे पदार्थ तयार करतात आणि ते अतिनील उजेडात नारिंगी-लाल चमकतात. जिथे तेल जास्त तिथे चमक जास्त. निरोगी तरुण चेहराही तसाच चमकतो.

शेवटी रंगीत छापील अहवाल. त्यावर ‘ऑइल लेव्हल ८७%’. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न होता, टक्के कशाचे? खाली ना एकक, ना तपासणाऱ्याचं नाव, ना सही.

अहवालानंतर ‘डॉक्टर मॅडम’ येतात. “मुलाखतीला पॅनेलसमोर असाच जाणार का?” हे वाक्य त्यांनी नक्कीच घोटून ठेवलेलं आहे, कारण भावाच्या अभ्यासिकेतल्या आणखी एकालाही तेच ऐकवलं होतं. पॅकेज ६०,००० चं, पण आज घेतलं तर ४२,०००. खिशात पैसे नाहीत? हप्ते करून देऊ. आधार, पॅन, मोबाइलवर ओटीपी, आणि पोरगं खुर्चीतून उठायच्या आत त्याच्या नावावर कर्ज मंजूर. ते कर्ज क्लिनिकचं नसतं, तिसऱ्याच वित्त कंपनीचं असतं. म्हणून उद्या क्लिनिकला टाळं लागलं तरी हप्ता चालूच राहतो.

पावती नंतर माझ्या हातात आली. ‘स्किन सर्व्हिसेस – १ पॅकेज’. कोणती सेवा, किती वेळा, कोणतं औषध, काही नाही. मागे बारीक अक्षरात : रक्कम परत मिळणार नाही.

आता डब्यांकडे येते. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन छोट्या डब्या, झाकणावर मार्करने ‘डे’ आणि ‘नाइट’. बाकी कोरं. “आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे.” भावाने लावायला सुरुवात केली आणि चेहरा खरंच पालटला. पुटकुळ्या बसल्या, लाली गेली, रंग उजळला. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “पैसे वसूल झाले बघ.” या फसवणुकीत सगळ्यात पक्कं काम ही डबी करते. सुरुवातीला गुण येतो, म्हणून तक्रार कुणीच करत नाही.

डबी संपली, दोन-तीन दिवस काही लावलं नाही, आणि चेहरा पेटला. लालभडक, खाज, आधी कधीच नव्हते असे बारीक दाणे तोंडाभोवती. क्लिनिक म्हणालं, “कोर्स अर्धवट सोडलात ना, लगेच पुढची डबी घ्या.” ती पॅकेजमध्ये नव्हती, वेगळे पैसे. लावली की शांत, थांबवली की पुन्हा आग. उन्हात पाच मिनिटं उभं राहवेना आणि गालावर लाल केशवाहिन्या दिसायला लागल्या, तेव्हा त्याने मला फोन केला. “ताई, काहीतरी बिघडलंय.”

आम्ही त्वचारोगतज्ज्ञ गाठल्या, एमडी झालेल्या. त्यांनी चेहऱ्याआधी डबी मागितली. डबीत नेमकं काय, ते प्रयोगशाळाच सांगेल, पण लक्षणं तीव्र स्टेरॉइडची (लाली-सूज झटपट दाबणाऱ्या औषधाची) आहेत, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही अशा स्टेरॉइडांची नावं लक्षात ठेवा. इसब, सोरायसिससारख्या आजारांत ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ वापरतात. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते, बारीक लव वाढते, पुरळ उठतं आणि सोडताना सगळं उसळून वर येतं. हे आपल्याकडे इतकं माजलं की २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. डबीवर नावच नसलं की चिठ्ठी मागणार कोण?

स्टेरॉइडच असेल तर निदान त्वचेवर निभावलं, असंही काहीजण म्हणतात. पारा निघाला असता तर? २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती : एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर, पारा सापडला. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं पुढे आली.

तेलकट त्वचेबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते ४२,००० रुपयांत कुणी सांगितलं नव्हतं. वयात येताना शरीरातले अँड्रोजन (पुरुषी संप्रेरकं) वाढतात, ते तैलग्रंथींना जागं करतात. म्हणून मुलांत हे जास्त. मुलींमध्ये पाळी अनियमित आणि हनुवटीवर दाट केस असतील तर पीसीओएसची (संप्रेरकं बिघडल्याने होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराची) तपासणी करून घ्यायची. काही भाग घराण्यातून येतो (आमच्या काकांचं कपाळ आजही चकाकतं). रंध्रं दारासारखी उघडत-मिटत नाहीत, त्यामुळे ‘पोअर्स बंद करण्याची’ ट्रीटमेंट हा शब्दच संशय घेण्याजोगा. दिवसातून चार वेळा साबणाने घासून तेल थांबत नाही, फक्त त्वचा चिडते. लिंबू चोळू नये.

स्टेरॉइड सुटायला काही महिने गेले. तो काळ वाईट होता, त्याने पूर्वपरीक्षा तोंडाला रुमाल बांधून दिली. त्यानंतरचा उपचार मात्र अगदी साधा : सौम्य फेसवॉश दोन वेळा, बिनतेलाचं मॉइश्चरायझर, जेलसारखं सनस्क्रीन, आणि त्वचा सावरल्यावर रात्री थोडं अॅडापलीन, म्हणजे पुटकुळ्यांवर लावायचं औषध. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, हे त्याला पटायला वेळ लागला. नाक दुपारपर्यंत अजूनही चकाकतं आणि डॉक्टर म्हणतात, चकाकू दे.

पैशांचं म्हणाल तर क्लिनिकने आधी फोन घेणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर क्लिनिकचा माणूस तडजोडीला आला आणि निम्मी रक्कम परत केली. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मोबाइलवर घेतलेलं कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता परत करता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ती मुदत थोडी असते, आम्हाला कळलं तोवर उलटून गेली होती. कर्ज काढून दिलं असेल तर त्याच दिवशी करारातली ती ओळ शोधा. आणि ‘डॉक्टर’ म्हणवणाऱ्याकडे वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आमच्या मॅडमकडे ‘कॉस्मेटॉलॉजी’चं प्रमाणपत्र होतं, क्रमांक नव्हता.

अन्न व औषध प्रशासनातही अर्ज दिला आहे. तिथे पहिला प्रश्न आला, “डबी आहे का?” भावाने चिडून बाकीच्या फेकल्या होत्या. शेवटची, तळाशी बोटभर क्रीम उरलेली, आईने कपाटात ठेवली होती. तुमच्या घरी अशी डबी असेल तर लावणं एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि डबी, पावती, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, यातलं काहीही टाकू नका.