सलग एकाच प्रकारची उदाहरणं की सरमिसळ?

अपूर्णांकांच्या बेरजेची वीस उदाहरणं ओळीने सोडवली की हात बसतो. छेद समान करणं आपोआप होतं. प्रकार नवा असेल तर हेच बरं. पण पाचव्या उदाहरणानंतर डोकं झोपतं, पेन तेवढं चालतं.

परीक्षेत मात्र कुठली रीत वापरायची हे कुणी सांगत नाही. सरमिसळ सरावात ७ − ३(२ − ५) अचानक समोर येतं आणि घाईत ७ मधून ३ वजा करून आपण −१२ लिहून मोकळे होतो. उत्तर १६. आधी कंस, मग गुणाकार, वजाबाकी शेवटी. सरमिसळीत सुरुवातीला गुण घसरतात, चिडचिडही होते (माझी तर फारच). तरी शेवटच्या दोन आठवड्यांत मी तीच निवडेन. घड्याळ लावायचं तेही तेव्हाच.