सोलरच्या पाइपवर नायट्राइलची नळी: १३ मिलिमीटरची घ्या, पण उन्हात उघडी सोडू नका

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या दगडी घरांत भिंत फोडून पाइप आत घेणं जवळपास अशक्य. त्यामुळे गच्चीवरच्या सोलरपासून न्हाणीघरापर्यंतची सगळी लाइन बाहेरून, वाऱ्यात उघडी येते. जानेवारीत इथला पारा पहाटे पाच-सहा अंशांवर उतरतो, आणि टाकीत पाणी कढत असूनही नळाला कोमट येतं. यावर उपाय म्हणून विकली जाणारी काळी, स्पंजासारखी नळी म्हणजे नायट्राइल रबर. माल चांगला आहे. फक्त तिच्याकडून काय मिळतं आणि काय नाही, हे दुकानदार सांगत नाही.

आधी न मिळणारी गोष्ट. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी सकाळी गारच असणार, नळी कितीही जाड घाला. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) १२ मीटर लाइनीत सुमारे तीन लिटर पाणी मावतं. ते पहिल्यांदा सोडावंच लागतं, तेव्हा खाली बादली लावा. नळीचा खरा उपयोग पहिल्या आंघोळीनंतर. पाणी ६० अंश आणि हवा १० अंश धरली, तर उघड्या पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात उभं पाणी वीसेक मिनिटांत ४० वर येतं. १३ मिलिमीटर जाडीची नळी असेल तर त्याला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. चार-पाच माणसांच्या घरात, जिथे दोन आंघोळींमध्ये अर्धा तास जातो, तिथे हा फरक रोज कळतो. एकटा माणूस सकाळी एकदाच नळ उघडत असेल, तर पैसे वाचवावेत.

जाडीबद्दल: त्याच हिशेबात उघडा पाइप मीटरमागे ४५ वॉटच्या आसपास उष्णता फेकतो. ९ मिलिमीटरच्या नळीत ते १७वर येतं, १३मध्ये १४वर, १९मध्ये ११वर. पहिल्या ९ मिलिमीटरनीच बहुतेक काम होतं. तरी १३ घ्यावी असं आमचं मत, कारण क्लॅम्पखाली आणि वळणावर नळी दबते आणि ९ची तिथे कागद होते. १९ची घरासाठी उगाच.

आता मापाचा घोळ, जिथे सर्वांत जास्त माल परत जातो. ही नळी प्लंबिंगच्या दुकानापेक्षा एसीचे सुटे भाग विकणाऱ्याकडे सहज मिळते, आणि तिथलं माप तांब्याच्या पाइपच्या बाहेरच्या व्यासाचं, सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तुम्ही ‘अर्धा इंच’ म्हणालात की तो चार सुताची देतो आणि ती चढतच नाही. अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर, म्हणून पाच सुताची मागा. पाऊण इंचीचा २२.२, म्हणजे सात सूत. जीआयचं गणित वेगळं: अर्धा इंची २१.३ मिलिमीटर (सात सूत चालते, किंचित सैल), पाऊण इंची २६.९, त्याला २८ची. शंका असेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळा, लांबी ३.१४ने भागा.

स्वस्तातली पांढरी-करडी फोमची नळी, म्हणजे ईपीई, घरातल्या गीझरच्या लाइनीला ठीक. गच्चीवर नको. उन्हात ती कडक होऊन चुरते, आणि ट्यूबवाल्या सोलरच्या टाकीच्या तोंडाशी उन्हाळ्यात पाणी इतकं तापतं की तिथे ती नरम पडून बसते.

बसवताना आधी लाइन पाण्याच्या दाबाखाली तपासा. झिरपणारा जोड नळीखाली झाकला गेला की जीआय नळीआड गुपचूप गंजतो. जुन्या पाइपसाठी नळी धारदार सुरीने लांबीतून एका बाजूने चिरायची. बोथट सुरी रबर फाडते. दोन्ही कडांना सोल्यूशनचा, म्हणजे रबर चिकटवायच्या गोंदाचा, पातळ हात द्या, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. ओलं असताना दाबलेली चीर महिन्याभरात उघडते. पाइप गार आणि कोरडा हवा, आणि एक दिवस गरम पाणी सोडू नका. सोल्यूशन सीपीव्हीसीला लागता कामा नये, त्यातलं द्रावक त्या प्लास्टिकला खातं. चीर खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर मावठ्याचं पाणी आत शिरतं, आणि ओल्या नळीत उष्णता टिकत नाही.

नळी ताणून बसवू नका. दर दोन मीटरच्या तुकड्याला सेंटीमीटरभर जास्त कापून ढकलून बसवा. दहा मीटर सीपीव्हीसी ५० अंशांनी तापली की तीन सेंटीमीटर वाढते. ताणलेल्या नळीचे जोड तिथे उघडे पडतात आणि उष्णता नेमकी तिथूनच जाते. एल्बोवर (काटकोनी जोडावर) ४५ अंशांचे दोन काप जोडा, वाकवून भागवू नका. व्हॉल्व्ह आणि टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) नायट्राइलची पट्टी गुंडाळा. जुना क्लॅम्प नळीवर आवळला तर ती चेपते, म्हणून मोठा क्लॅम्प आणि खाली अर्धा चिरलेला पीव्हीसीचा तुकडा. सोलरचा एअर व्हेंट, म्हणजे हवा-वाफ बाहेर जाण्याची नळी, मात्र उघडाच राहू द्या. कारागीर सफाईच्या नादात त्याचंही तोंड टेपने बंद करतात, हे आधीच बजावून ठेवा.

आणि ऊन. या मालाची हीच एक मोठी खोट. मे महिन्यात ४५च्या पुढे जाणाऱ्या गावात उघडं नायट्राइल तडकतं, वरून पांढुरकं होतं, मग हाताला काळा भुगा लागतो. अॅल्युमिनियमची टेप एक तृतीयांश चढवून गुंडाळा. १२ मीटर पाऊण इंची लाइनीला ४८ मिलिमीटर रुंदीची साधारण ५६ मीटर टेप लागते, म्हणजे २० मीटरचे तीन रोल. त्याच लाइनीला दोन मीटरच्या सहा नळ्या, वळणांसाठी सातवी, आणि पाव लिटर सोल्यूशन. माकडांचा वावर असलेल्या गच्चीवर टेप पुरत नाही, ती सोलून काढतात. तिथे उघड्या भागावर ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप लांबीतून चिरून वरून चढवा आणि तारेने बांधा. दिसायला ओबडधोबड, पण खारीच्या दातांपासूनही नळी वाचते.

भाव विचारताना नुसत्या नळीचा विचारू नका. टेप आणि सोल्यूशन धरून विचारा, आणि पैसे कमी पडत असतील तर नळीची जाडी ९वर आणा, टेप वगळू नका.