मनाच्या आजारासाठी आधी कोणाकडे जावे: फॅमिली डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक?

घरातल्या माणसाची झोप तीन-चार आठवड्यांपासून उडाली आहे, जेवणावर वासना नाही, कशात मन लागत नाही आणि छातीत सारखे धडधडते आहे, अशा वेळी कोणाकडे जायचे हे बहुतेक घरांत ठरवून होत नाही. नेहमीचा दवाखाना असतो, तिथले डॉक्टर ओळखीचे असतात आणि पावले आपोआप तिकडे वळतात. ही सवय चुकीची आहे असे मला वाटत नाही, पण ती डोळसपणे पाळायला हवी. हे डॉक्टर आजार ओळखतील का आणि ओळखल्यावर उपचार शेवटपर्यंत नेतील का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी येतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फारसे दिलासा देणारे नाही. निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार फॅमिली डॉक्टर आपल्याकडे येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांनाच ओळखू शकतात. आपल्याकडे यात शिक्षणाची उणीवही मिसळते. एमबीबीएसमध्ये मानसोपचार हा विषय अंतिम परीक्षेत स्वतंत्र नाही, तो मेडिसिनच्या पोटात येतो आणि त्याचा प्रत्यक्ष अनुभव काही आठवड्यांपुरताच मिळतो. शिवाय महाराष्ट्रातील कितीतरी फॅमिली डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत आणि त्यांच्या शिक्षणात आधुनिक मनोविकारशास्त्राचा भाग याहूनही वेगळा असतो. आपल्या डॉक्टरांची पदवी कोणती आहे हे विचारण्यात कोणताही अनादर नाही.

तरीही केवळ शिक्षणाला दोष देऊन भागत नाही, कारण दवाखान्यात प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले पाहिजे. बाहेर बाकावर आठ-दहा माणसे ताटकळत आहेत, तपासणीच्या खोलीचे दार अर्धवट उघडे आहे, कंपाउंडर आत-बाहेर करतो आहे आणि समोर बसलेली बाई सांगते, ‘‘डॉक्टर, अंग फार दुखतं, डोकं जड राहतं, चक्कर येते, हातापायात त्राणच नाही.’’ डॉक्टर रक्तदाब पाहतात, डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघतात, ताकदीच्या आणि पित्ताच्या गोळ्या लिहून देतात आणि बाईंनी आग्रहच धरला तर सलाईनही लावतात. ती खोटे सांगत नसते, कारण नैराश्यात आणि चिंतेच्या आजारात शरीर खरोखरच दुखते, आणि डॉक्टरांनी केलेले उपचारही सांगितलेल्या तक्रारींनाच धरून असतात. सकाळी उठल्यावर रडू येते का, जगणे नकोसे वाटते का, हा प्रश्न मात्र त्या पाच मिनिटांत कोणीच विचारलेला नसतो.

या संदर्भात गोव्यात झालेला एक अभ्यास, माझ्या मते, निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तीत सरकारी आरोग्य केंद्रे आणि खासगी फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने असे दोन्ही होते. काही ठिकाणी प्रशिक्षण दिलेला, वैद्यकीय पदवी नसलेला समुपदेशक नेमला होता. इतर ठिकाणी रुग्णांची प्रश्नावलीने तपासणी करून तिचा निकाल डॉक्टरांना कळवला आणि उपचारांची मार्गदर्शिका हाती दिली, एवढेच केले होते. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले, तर नसलेल्या ठिकाणी सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, कारण तिथे समुपदेशक असो वा नसो, ६४ ते ६६ टक्के रुग्ण सुधारले होते.

मी याचा अर्थ असा लावतो, की समोरचा रुग्ण मनाच्या आजाराने त्रस्त आहे एवढे कळले, तर नेहमीचा, ओळखीचा, दर खेपेला तोच भेटणारा डॉक्टर बऱ्यापैकी चांगले काम करू शकतो. घोडे अडते ते ओळखण्यापाशी, आणि तिथे रुग्ण स्वतः डॉक्टरांना मदत करू शकतो. म्हणून फॅमिली डॉक्टरकडे जायचे ठरवले असेल, तर अंगदुखीने सुरुवात करू नये. ‘‘महिनाभर मन उदास आहे, झोप लागत नाही, मला नैराश्य आहे का ते तपासा,’’ असे पहिल्या वाक्यातच सांगावे. नैराश्य ओळखण्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. ती घरी भरून नेली तर आणखी चांगले. तिचे एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर नीट तपासणीची गरज आहे असे मानतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे आणि त्याचे उत्तर शून्य नसेल, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याविषयी डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे.

काही बाबतींत फॅमिली डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञापेक्षाही सोयीचे ठरतात. थायरॉईड मंदावणे, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असणे, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेली स्टिरॉईड्स, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका, या सगळ्यांतून उदासी, थकवा किंवा अस्वस्थता येऊ शकते आणि रुग्णाची जुनी फाईल ज्यांच्याकडे आहे त्यांना हे लवकर सुचते. वृद्धांच्या बाबतीत तर मी आधी फॅमिली डॉक्टरच सुचवीन, कारण ऐंशीच्या घरातील आजोबा दोन दिवसांत एकाएकी बरळू लागले, तर त्यामागे लघवीतील जंतुसंसर्ग किंवा सोडियम कमी होणे असण्याची शक्यता मोठी असते. मानसोपचारतज्ज्ञाचे बळ दुसरीकडे आहे. उदास रुग्णाच्या इतिहासात कधी काळी तीन-चार रात्री न झोपताही अंगात प्रचंड उत्साह होता, पैशांची उधळपट्टी झाली होती, बोलणे थांबत नव्हते, अशी एखादी नोंद सापडली तर तो आजार द्विध्रुवीय, म्हणजे उदासी आणि अतिउत्साहाचा उन्माद आलटूनपालटून येणारा, असू शकतो. त्यात केवळ नैराश्याची गोळी दिली तर उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो. गर्दीच्या दवाखान्यात ही चौकशी बहुधा राहून जाते, तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीत ती असतेच.

औषधांच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. झोप येत नाही म्हटल्यावर अल्प्राझोलामची किंवा त्याच वर्गातील दुसरी गोळी लिहून देणे सोपे असते. त्याच रात्री झोप लागते, रुग्ण खूश होतो आणि तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळी घेत राहतो. ही गोळी नैराश्य बरे करत नाही आणि काही आठवड्यांतच तिची सवय जडू शकते. त्यानंतर ती एकदम बंद केली तर अस्वस्थता वाढते, थरथर होते आणि क्वचित आकडीचे झटकेही येतात. अशी औषधे २०१३ च्या अधिसूचनेने एच-१ या, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली गेली आणि त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषध दुकानदारावर बंधनकारक झाले, ते याच कारणाने.

नैराश्यावरची खरी औषधे, म्हणजे एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, नेमकी उलट वागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी असे त्रासच आधी जाणवतात आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण आठव्या दिवशी गोळी सोडून देतो आणि ‘‘आम्हाला औषध लागू पडलं नाही’’ अशी समजूत कायमची होऊन बसते. बरे वाटू लागल्यावरही पहिल्याच खेपेच्या आजारात औषध साधारणपणे आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवावे लागते आणि नंतर हळूहळू कमी करून बंद करायचे असते. म्हणून फॅमिली डॉक्टरांची पारख करायची ती चिठ्ठीवर काय लिहिले यापेक्षा त्यांनी काय सांगितले यावरून. आजाराचे नाव घेतले का, गुण कधी येईल ते सांगितले का, झोपेची गोळी दिली असेल तर ती कधी बंद करायची ते ठरवले का, पंधरा दिवसांनी परत बोलावले का आणि आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारले का? यांतली बहुतेक उत्तरे होकारार्थी असतील, तर त्या डॉक्टरांकडे उपचार चालू ठेवायला हरकत नाही. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारलाच नाही, तर मी दुसरा डॉक्टर शोधेन. हा प्रश्न विचारल्याने कोणाच्या मनात तसा विचार नव्याने पेरला जात नाही, उलट मनात दाबून ठेवलेले बोलायला वाट मिळते.

समुपदेशकाचा पर्याय आपल्याकडे अजूनही कमी लेखला जातो. गोव्यातच झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी तीव्र स्वरूपाच्या नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका घेतल्या. त्यांत रुग्णाला पुन्हा कामात, माणसांत आणि आवडीच्या गोष्टींत टप्प्याटप्प्याने आणण्यावर भर होता. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली होती, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. बोलण्याच्या उपचारांची ही ताकद ना फॅमिली डॉक्टरांच्या पाच मिनिटांत मिळते, ना मानसोपचारतज्ज्ञाच्या गर्दीच्या ओपीडीत. अडचण अशी, की समुपदेशक अशी पाटी कोणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती आहे का हे विचारून घ्यावे. समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाही, आणि गरज असूनही औषध नकोच असा सल्ला देणारा समुपदेशक टाळावा. सौम्य चिंता, नात्यांतील ताण, परीक्षेची धास्ती, जवळचे माणूस गेल्यानंतरचे दुःख, अशा वेळी मात्र मी औषधांआधी समुपदेशकच सुचवीन.

खर्च आणि गोपनीयता यांचा निकाल घराघरांत वेगळा लागेल. फॅमिली डॉक्टरांची फी कमी असते, शहरातील मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट अनेकदा हजार रुपयांच्या पुढे जाते आणि समुपदेशनाचा खर्च दर बैठकीला होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यायचा आहे, पण पुष्कळ पॉलिसी मुळात रुग्णालयात दाखल होण्यापुरत्याच असतात, त्यामुळे बाहेरून घेतलेल्या उपचारांचा खर्च बहुधा खिशातूनच जातो. फॅमिली डॉक्टर सासरच्या सगळ्यांचे डॉक्टर असतील, तर सुनेला त्यांच्यापुढे मोकळेपणी बोलता येईलच असे नाही. तिला दुसऱ्या गल्लीतला अनोळखी डॉक्टर अधिक बरा वाटला, तर घरच्यांनी त्यात वावगे मानू नये.

काही प्रसंगी ही तुलना बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात जावे. आत्महत्येचा बेत मनात असणे, नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी मागावर आहे अशी पक्की समजूत, उन्मादाची लक्षणे, अन्नपाणी सोडणे, बाळंतपणानंतर काही दिवसांतच झोप उडून बाई असंबद्ध बोलू लागणे, आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवल्यावर हात कापू लागून भान हरपणे, हे सगळे तातडीचे प्रसंग आहेत. तज्ज्ञ जवळ नसेल, तर वाट पाहत बसू नये. वरील कायद्यानुसार कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक अशा वेळी तातडीचे उपचार सुरू करू शकतो आणि ते ७२ तासांपर्यंत देता येतात.

शहराबाहेर मात्र प्रश्नाचे रूपच बदलते. देशात एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा येत नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना आढळले. त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपले चित्र फार निराळे असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला गेला, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, आणि त्यात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा वाटा मोठा होता.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी मला सर्वांत व्यवहार्य वाटतो तो फॅमिली डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांना जोडणारा मार्ग. आजार सौम्य किंवा मध्यम आणि पहिल्यांदाच झालेला असेल, तर फॅमिली डॉक्टरांकडे उपचार सुरू करून त्यांना सहा आठवड्यांची मुदत द्यावी. तेवढ्यात उतार पडला नाही, किंवा आजार पूर्वीही येऊन गेलेला असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात एकदा निदान पक्के करून घ्यावे. त्यानंतरच्या गोळ्या, वजन आणि रक्तदाब गावातल्याच डॉक्टरांनी पाहावेत. द्विध्रुवीय आजारात दिले जाणारे लिथियम हे औषध चालू असेल तर त्याची रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांच्या तपासण्याही तालुक्याला करून घेता येतात, आणि तज्ज्ञाकडे तीन-चार महिन्यांनी एक खेप पुरते. मधल्या काळात १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही २०२२ पासून चालू असलेली फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारी सेवा दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. तज्ज्ञाकडून निघताना निदान, औषधाची मात्रा आणि ते किती काळ द्यायचे, हे त्यांच्याच हातून फॅमिली डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीत लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या खेपेला गावातल्या डॉक्टरांना नव्याने अंदाज बांधत बसावे लागत नाही.