क्रॅनिओसॅक्रल थेरपी : मानेच्या जुन्या दुखण्यावर दिवाळीपासून घेतलेला अनुभव

मी अमळनेरला ब्लाउज शिवते. दिवसभर मान खाली, उजवा खांदा वर, आणि लगीनसराईत रात्रीची तुरपाई. डोक्याच्या मागून सुरू होऊन भुवईपर्यंत येणारी कळ मला काही वर्षांपासून आहे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मानेच्या खालच्या मणक्यांतलं अंतर थोडं कमी झालंय, नस दबलेली नाही, असं सांगितलं. गोळीने कळ थांबायची, पण पोटात जळजळ व्हायची. मध्ये एका मालिशवाल्याने मान धरून कटकन फिरवली, त्यानंतर चार दिवस मला मान वळवता आली नाही. असं कुणाकडून करून घेऊ नका. मानेला जोरात झटका बसला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, क्वचित लकवाही होतो.

दिवाळीनंतर जळगावच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे जायला लागले. त्या आधी हाताने खांद्याच्या गाठी दाबून मोकळ्या करतात आणि मग क्रॅनिओसॅक्रल, म्हणजे डोक्याला आणि कमरेखाली अगदी हलका हात ठेवून करायची थेरपी, देतात. दोन्ही एकाच बैठकीत होतं, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

गाठी दाबणं दुखतं. मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूत एक जागा अशी आहे, की तिथे अंगठा ठेवला की कळ थेट कानामागे जाते. ताई तिथे दाबून थांबतात आणि श्वास सोडायला सांगतात, मग हळूहळू ती जागा मऊ पडते. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, तिसऱ्या दिवशी हात वर नेताना ओढ कमी लागते. कटिंगच्या टेबलावर मला हे लगेच जाणवलं.

क्रॅनिओसॅक्रल त्याच्या अगदी उलट. अंगावरचे कपडे तसेच ठेवून उताणं झोपायचं. ताई डोक्याशी बसतात आणि कवटी जिथे मानेला टेकते तिथे बोटांची टोकं खालून लावतात. दाब साधारण पाच ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. नंतर एक हात कमरेखालच्या त्रिकोणी हाडाखाली, म्हणजे त्रिकास्थीखाली. घरी वर्णन करून सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "नुसता हात ठेवस नि पैसा लेस?" पहिल्या दोन-तीन वेळा मलाही तसंच वाटलं. नंतर मात्र टेबलावर पडल्या पडल्या जबडा सैल सुटायला लागला, पोट गुरगुरायचं, डोळा लागायचा. त्या रात्री झोप सलग यायची. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक हाच. झोप झाली की सकाळी कळ उशिरा सुरू होते आणि गोळी लागली तरी एकच लागते.

यामागचं शास्त्र मी ताईंना खोदून विचारलं. अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ (हाडा-स्नायूंवर हाताने उपचार करणारे) विल्यम सदरलँड यांनी कवटीच्या हाडांना सूक्ष्म हालचाल असते असं मांडलं. पुढे १९७० च्या दशकात जॉन अपलेजर यांनी त्यावरून ही थेरपी बसवली. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याला एक ताल असतो आणि तो हाताला कळतो, असा त्यांचा दावा. पण एकाच माणसाला दोन थेरपिस्टांनी तपासलं तर त्यांना जाणवलेले ताल एकमेकांशी जुळत नाहीत, हे अभ्यासांत दिसलंय. जर्मनीत मानेचं जुनं दुखणं असलेल्या ५४ जणांवर अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थेरपीच्या नावाखाली नुसता हलका स्पर्श मिळालेल्यांपेक्षा खरी थेरपी घेणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. उलट २०२४ च्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र केल्यावर फायदा दिसला नाही. ताईंनी दोन्ही बाजू सांगितल्या, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मला वाटतं, मला उपयोग झाला तो तालाचा नाही. घरकाम, गिऱ्हाईक, मशीन सोडून पाऊण तास कुणीतरी काळजीने हात लावून बसतं आणि शरीर ताण सोडतं, त्याचा झाला. आणि ही काही छोटी गोष्ट नाही. आमच्या धंद्यातल्या बायकांना असा पाऊण तास मिळतच नाही.

त्याच काळात मी मशीनखाली ठोकळे लावून ते उंच केलं, चष्म्याचा नंबर बदलला आणि ताईंनी दिलेला हनुवटी मागे ओढायचा व्यायामही करतेय. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या थेरपीला देता येणार नाही. ज्या आठवड्यात व्यायाम राहतो, त्या आठवड्यात बैठक घेऊनही खांदा धरतो.

खर्च भारी आहे. एका बैठकीत अस्तराच्या दोन-तीन ब्लाउजांची शिलाई जाते, वर जळगावचं जाणं-येणं. मे महिन्यातल्या उन्हात दुपारच्या गाडीने परत आले की मिळालेला आराम वाटेतल्या पाळधी-धरणगावपर्यंतच संपतो, म्हणून मी सकाळची वेळ घेते. सुरुवातीला दर आठवड्याला जायचे, आता लगीनसराईत महिन्यातून एकदा, एरवी गरज पडली तरच.

डोक्याला नुकताच मार लागला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल, तर ही थेरपी घेऊ नये. हाताला मुंग्या, पकड ढिली, किंवा कधी नव्हे अशी अचानक जोराची डोकेदुखी असेल तर आधी डॉक्टर. आणि जो थेरपिस्ट रिपोर्ट न बघता हात लावतो किंवा गोळ्या बंद करा म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.